दिवसातनं तीनदा स्प्रे मारते तरी कॅलेथियाच्या कडा करपतायत

पत्र (थोडं कापलंय):

"काका नमस्कार, मी वाकडला राहते, सातवा मजला. डिसेंबरमध्ये कॅलेथिया ऑर्बिफोलियाचं रोप आणलं, ८५० रुपयांना, नर्सरीवाला म्हणाला इनडोअर आहे, काही करावं लागत नाही. दोन महिने एकदम मस्त होतं. मार्चपासून कडा तपकिरी व्हायला लागल्या, आता दुपारी पानं आत वळतात आणि नवीन आलेलं पान सुरळीतच अडकून फाटलं. मी रोज पाणी घालते, दिवसातनं तीनदा स्प्रे मारते, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणीच झाडांना वापरते. चहाचा चोथाही घालते. झाड बेडरूममध्ये आहे, रात्री एसी असतो. माझ्या बहिणीचं रत्नागिरीत हेच झाड आहे, ती काहीसुद्धा करत नाही आणि तिची पानं ही एवढाली झालीत!! ह्युमिडिफायर घेऊ का? बाथरूममध्ये ठेवू का? सासूबाई म्हणतात टाकून दे आणि बाल्कनीत तुळस लाव, शेजारची म्हणते मनीप्लांट घे. अजून एक, घरात मांजर आहे आणि ती पानं चावते, विषारी नाही ना?"

अगं आधी मांजराचं सांगतो कारण तेवढंच तातडीचं आहे. कॅलेथिया मांजराला किंवा कुत्र्याला विषारी नाही, तेव्हा ती काळजी सोड. मनीप्लांट मात्र आणू नकोस निदान मांजर पोचेल अशा ठिकाणी, कारण मनीप्लांट, अॅग्लोनिमा, डायफेनबॅकिया, झेडझेड ही सगळी अळूच्या कुळातली, त्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात, कच्चं अळू खाल्ल्यावर आपला घसा खवखवतो तो त्यानेच, आणि मांजराचं तोंड जळजळतं, लाळ गळते, उलटी होते. म्हणजे तुझ्या घरात शोभेची पानं हवीच असतील तर कॅलेथिया ही खरं तर शहाणपणाची निवड आहे, फक्त पुण्याच्या उन्हाळ्यात ती त्रास देते.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या पत्रातली बाकी सगळी वाक्यं मी भराभर वाचली आणि आरओच्या टाकाऊ पाण्यावर थांबलो. तुझा सगळा भर हवेवर आहे, स्प्रे, ह्युमिडिफायर, बाथरूम, आणि हवा कोरडी आहेच त्यात वाद नाही, पण मी आधी कुंडीत काय ओततेस ते बघेन. आरओ मशीन करतं काय, तर पाण्यातले क्षार एका बाजूला ढकलतं, गोड पाणी तुझ्या पिंपात येतं आणि उरलेले सगळे क्षार त्या बारक्या पाइपमधून सिंकमध्ये जातात. समजा तुझ्या नळाला ६०० टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचं, पाणी येतंय आणि मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकून देतंय, तर त्या टाकलेल्या पाण्याचा टीडीएस ८००-९०० च्या आसपास जातो, साधा हिशोब आहे, क्षार कुठे नाहीसे होत नाहीत. ते पाणी तू रोज घालतेस. पाणी पानातून आणि मातीतून उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात, दुसऱ्या दिवशी त्यावर अजून क्षार, तिसऱ्या दिवशी अजून. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरट पापुद्रा आलाय का बघ, मला वाटतं आला असणार.

आणि कॅलेथिया या बाबतीत भलतीच नाजूक आहे. जास्वंद, कढीपत्ता, तुळस यांना असलं पाणी काही महिने खपून जातं, हिला नाही. मुळांतून आलेले क्षार पाण्याबरोबर पानाच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत आणि कडेपर्यंत वाहत जातात, तिथे पाणी उडतं आणि क्षार साठतात, म्हणून करपणं नेहमी कडेपासून सुरू होतं आणि आत सरकतं. तुझ्याकडे तर कडा आधी तपकिरी झाल्या आणि पानं वळायला नंतर लागली, असं तूच लिहिलंयस.

बरं रत्नागिरीच्या बहिणीचं. ती काही करत नाही हे खरं, पण तिच्यासाठी कोकण करतंय सगळं. समुद्राची हवा, एप्रिलच्या दुपारीसुद्धा दमटपणा साठ टक्क्यांच्या वर, आणि तिकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असेल तर ते मऊ, क्षार कमी. आपल्याकडे दख्खनचा काळा पाषाण, त्यातलं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाला पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर पापुद्रे. वाकडच्या बऱ्याच सोसायट्यांत किचनच्या नळाला कॉर्पोरेशनचं म्हणजे पवना धरणाचं पाणी आणि बाथरूमला बोअरचं किंवा टँकरचं असा प्रकार असतो, तुझ्याकडे कसं आहे ते वॉचमनला किंवा प्लंबरला विचार, त्यांना बरोबर माहीत असतं. पवनेचं असेल तर रात्रभर बादलीत उघडं ठेवून सरळ वापर, क्लोरीन बरंचसं उडून जातं. क्षार मात्र रात्रभर ठेवून काय आठवडाभर ठेवूनही उडत नाहीत हे लक्षात ठेव, कारण बोअरचं पाणी "मुरवून" वापरणारे लोक मला नेहमी भेटतात.

आणि एक विचारायचंच राहिलं, सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का? हल्ली नवीन टॉवरांत असतो. त्यातून येणारं पाणी अंगाला मऊ लागतं, केस बरे राहतात, म्हणून लोकांना वाटतं झाडांनाही चांगलं. पण तो सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो, मिठाच्या गोण्या आणून ओततात ना त्यात महिन्या-महिन्याला, ते मीठ जातं कुठे? टीडीएस मीटर लावला तर आकडा जवळपास तेवढाच दिसेल. झाडाच्या दृष्टीने हे जड पाण्याहूनही वाईट.

टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो, तो मागव. तीन पाणी मोज, किचनचा नळ, बाथरूमचा नळ आणि आरओचं टाकाऊ. माणसाच्या पिण्यासाठी आपल्याकडचं मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं, पण कॅलेथियासाठी मी १५० च्या खालचंच धरतो. तेवढं नसेल तर आरओचं शुद्ध पाणी आणि नळाचं पाणी मिसळून त्या आकड्याला आण. हो, पिण्याचं पाणी झाडाला, सासूबाईंना आवडणार नाही, पण एका कुंडीला आठवड्याला लागून लागून लिटर-दीड लिटर लागतं, आणि ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला, संडासात, बाल्कनी धुवायला वापर की, वाया कुठे जातंय.

त्याहून सोपं म्हणजे एसीचं पाणी. तुझ्या बेडरूममधल्या एसीचा पाइप बाहेर कुठेतरी ठिबकत असेल, त्याखाली बादली ठेव. एसी खोलीतल्या हवेतली वाफ थंड कॉइलवर पकडतो आणि पाइपने बाहेर सोडून देतो, म्हणजे झाडाला हवेत जे हवंय तेच रात्रभर खोलीबाहेर काढलं जातंय! ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. एप्रिलमध्ये हवाच कोरडी म्हणून कमी मिळेल, पण एका कुंडीला पुरेल. फक्त एसीची केमिकलने सर्व्हिसिंग झाल्यावर दोन-तीन दिवस ते घेऊ नकोस. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, पावसाचं पाणी साठव, पहिल्या एक-दोन सरी छपराची धूळ धुवून जाऊ देत आणि मग भर.

आता कुंडीत साठलेलं काढायला हवं. झाड बाथरूममध्ये ने, जाळीवर ठेव आणि कमी टीडीएसचं पाणी हळूहळू वरून ओतत राहा, कुंडीत जेवढी माती तेवढ्याच्या तिप्पट-चौपट पाणी खालून निघून गेलं पाहिजे. एकदम भसकन ओतू नकोस, थोडं ओत, थांब, परत ओत, क्षार विरघळायला वेळ द्यावा लागतो. पूर्ण निथळू दे तासभर, मग जागेवर. बशीत साचलेलं पाणी फेकून दे, नाहीतर तेच वर शोषलं जातं. चोथा काढून टाक सगळा आणि पुन्हा घालू नकोस, आपल्या चहाच्या चोथ्यात दूध-साखर असते, त्याने बुरशी येते, मुंग्या येतात आणि ती काळी बारकी चिलटं होतात जी नंतर महिनोन्‌महिने घरभर फिरतात.

पण हे पाणी ओतायच्या आधी एक काम कर, झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं बघ. रोज पाणी घातल्यावर पानं वळत असतील तर दोनपैकी काहीही असू शकतं, हवा इतकी कोरडी की मुळं पुरी पडत नाहीयत, किंवा मुळंच कुजलीयत म्हणून पाणी वर जात नाहीये. वरून दोन्ही सारखंच दिसतं! फरक मुळात कळतो. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत, दोन बोटांत धरून हळूच ओढलंस की वरची साल निघून हातात येते आणि आत नुसती शीर राहते, वासही येतो कुबट. काही कॅलेथियांच्या मुळांना मधेमधे पांढरट गाठी असतात त्या कापू नकोस, ते पाण्याचं आणि अन्नाचं साठवण आहे, रोग नाही. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढ, आणि मातीही बदल.

माती म्हणजे, नर्सरीतनं आलेलं झाड बहुतेक निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियमला मोठाल्या नर्सऱ्या आहेत, तिथनं आणि केरळातनं ट्रकच्या ट्रक आपल्याकडे येतात, हलकं पडावं म्हणून कोकोपीट. वाईट नाही ते, पण वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून लोक रोज पाणी घालत बसतात. तू कोकोपीट अर्ध्याच्या आसपास ठेव, त्यात चाळलेलं गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि परलाइट (ते हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) बऱ्यापैकी हात सोडून घाल, पाणी घातलं की काही सेकंदांत खालून यायला लागलं पाहिजे इतकं मोकळं. कोकोपीटची वीट आणलीस तर भिजवून पिळून, भिजवून पिळून दोन-तीनदा धू, नारळाच्या काथ्यात मुळातच क्षार असतात, आपण इकडे क्षार काढतोय आणि तिकडून परत घालायला नको. आणि मोठी कुंडी घेऊ नकोस, मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी, बस. मुळं ठीक असतील तर मात्र ऐन उन्हाळ्यात माती बदलायच्या फंदात पडू नकोस, जुलैत बघ.

पाणी किती? रोज नको. बोट दोन पेरं आत घाल, वरचा थर कोरडा आणि खाली गारवा लागला की घाल, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी येईल, पावसाळ्यात आठवडाही जाईल. दोन-चारदा कुंडी उचलून बघितलीस की वजनावरून कळायला लागतं, मग बोटही घालावं लागत नाही.

हवेचं आता. हे झाड मूळचं बोलिव्हियातलं, जंगलात मोठ्या झाडांच्या खाली, जिथे ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी पोचतं आणि हवा कायम ओली. (तज्ज्ञांनी २०१२ मध्ये यातल्या बऱ्याच जणांना गोएपर्टिया नावाच्या गटात हलवलंय, पण नर्सरीत ते नाव सांगशील तर नर्सरीवाला तुझ्याकडेच बघत राहील, तेव्हा कॅलेथियाच म्हण.) केळ, हळद, आलं, कर्दळ यांचं लांबचं नातलग, आणि आरारूट तर सख्ख्या कुळातलं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी दमटपणा २०-२५ टक्क्यांवर येतो, हिला हवा ६० च्या पुढे. दोरीवरचे कपडे मेमध्ये तासाभरात खडखडीत वाळतात आणि जुलैत दोन दिवस ओले राहतात, पानाचं अगदी तसंच, हवा त्यातलं पाणी ओढून घेते आणि मुळं तेवढ्या वेगाने देऊ शकत नाहीत. मग पान स्वतःला आत गुंडाळून घेतं, उघडी बाजू कमी करतं. ती त्याची अक्कल आहे, रोग नाही. संध्याकाळी पान पुन्हा उघडत असेल तर घाबरू नकोस.

नवीन पान फाटतं त्याचंही हेच कारण. केळीसारखंच हिचं पान सुरळीत येतं, आतल्या आत घट्ट गुंडाळलेलं, आणि उलगडताना ते ओलसर, लवचिक असावं लागतं. कोरड्या हवेत बाहेरची कड आधी वाळते, कडक होते, आणि आतला भाग वाढत राहतो, मग चरकन फाटतं. अशी सुरळी दिसली की हाताने सोडवायला जाऊ नकोस, शंभरातल्या नव्वद जणी तेच करतात आणि पान गमावतात.

तुझा तीनदाचा स्प्रे, स्पष्टच बोलतो, तो तुझ्या समाधानासाठी आहे. पानावरचे थेंब पंधरा-वीस मिनिटांत उडतात आणि खोली होती तशीच कोरडी. त्यात जर तेच आरओचं टाकाऊ पाणी बाटलीत भरत असशील तर पानावर पांढरे ठिपकेही पडत असतील, ते क्षारच. आणि रात्री स्प्रे मारून पंखा बंद करून झोपलीस तर बुरशीचे डाग. बंद कर. खडे आणि पाणी घातलेल्या बशीचा उपाय इंटरनेटवर सगळीकडे दिसेल, त्याने अगदी जवळ दोन-चार टक्क्यांचा फरक पडला तर पडला.

सगळ्यात स्वस्त आणि खरोखर चालणारा उपाय दिसायला वेडाबागडा आहे. एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घे, गाद्यांच्या किंवा ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर येते तसली, कुंडीत दोन-तीन काड्या रोवून ती झाडावर चढव, खाली थोडी सैल ठेव. आतली हवा पानांच्याच वाफेने दमट होते. रोज सकाळी दहा मिनिटं काढायची आणि परत घालायची. थेट ऊन अजिबात येता कामा नये, नाहीतर झाड आत उकडून निघेल. मे महिना असाच काढ. माळ्यावर जुना फिशटँक पडलाय का कुणाचा? तो तर फारच उत्तम, कुंडी आत आणि वरून काच अर्धवट झाकलेली, दिसायलाही बरं.

ह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर घे बाई, पण मी आत्ता घेतला नसता. पुण्यात तो खरा लागतो मार्च ते जूनचा पहिला आठवडा, पाऊस आला की धूळ खात पडतो. त्यात ते धुकं उडवणारे जे स्वस्त असतात त्यांत जड पाणी घातलंस तर पाण्यातले क्षारही बारीक पूड होऊन हवेत उडतात, टीव्हीवर, कपाटावर पांढरी भुकटी बसते, म्हणजे त्यालाही आरओचंच पाणी. घरात साधा कूलर असेल तर तो लाव! नागपूर-अकोल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत लोक कॅलेथिया वाढवतात ते कूलरच्या खोलीत, कूलर हवा ओली करतो आणि एसी कोरडी करतो, आणि कूलरमध्ये पाणी जड असलं तरी क्षार टाकीत आणि गवतावरच राहतात, हवेत येत नाहीत. झाड फक्त कूलरच्या थेट झोतात नको, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. काय करशील ते कर पण तीन-चारशेचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र, झाडाशेजारी ठेव, त्यावरचा आकडा बघितलास की कुठला उपाय खरंच चालतोय आणि कुठला नुसता खटाटोप आहे ते तुझं तुलाच दिसेल.

बाथरूम नको. पुण्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला वर एक काचेच्या पट्ट्यांची वितभर खिडकी, त्यातून येणाऱ्या उजेडावर काही जगत नाही, आणि अंघोळीची वाफ एक्झॉस्टने अर्ध्या तासात बाहेर. बेडरूममधूनही काढ, निदान एसीच्या खालून. हॉलमध्ये पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी असेल तर तिच्यापासून तीन-चार फुटांवर, पातळ पडद्याआड. उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन येतच नाही असं धरून चालू नकोस हं, आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतनंही सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन आत येतं, आणि ऑर्बिफोलियाच्या पानावर पडलं की हिरव्या-रुपेरी पट्ट्या विटक्या होतात. हात धरून बघ, पानावर हाताची सावली पुसट दिसली तर उजेड बरोबर, ठळक कडांची पडली तर मागे घे.

आत्ताच एक तपासणी कर, पत्रात नाही लिहिलंस पण कोरड्या हवेत हिच्यामागे लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, लागतोच लागतो. पान उलटं कर, मधल्या शिरेच्या बाजूला बघ, नाहीतर पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटक, कागदावर ठिपके पडले आणि थोड्या वेळाने ते चालायला लागले की समजायचं. वरच्या बाजूला पानाचा रंग सुईने टोचल्यासारखा बारीक-बारीक उडालेला दिसतो आणि फार झालं तर देठाच्या बेचक्यात जाळी. उपाय साधा, बाथरूममध्ये नेऊन पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने नीट धू, कुंडीचं तोंड पिशवीने बांधून. मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडासा सौम्य साबण, आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघ कारण काही कॅलेथियांना तेल सोसत नाही, ठीक वाटलं तर संध्याकाळी सगळीकडे. दर पाच-सहा दिवसांनी असं तीन-चारदा तरी, अंडी राहतात आणि परत येतं. पानं चमकावी म्हणून खोबरेल, दूध असलं काही लावू नकोस, ओल्या मऊ फडक्याने पुसलंस की पुरे.

करपलेली कड परत हिरवी होत नाही, त्याची वाट बघू नकोस. फार खुपत असेल तर कात्रीने पानाच्या गोलाईत काप, तपकिरी भाग केसभर शिल्लक ठेवून, हिरव्यात कात्री गेली तर तिथनं पुन्हा वाळायला लागतं. अर्ध्याहून जास्त हिरवं असलेलं पान मात्र तोडू नकोस, ते अजून झाडाला पोसतंय. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसला तर ते चांगलं लक्षण आहे, मुळं काम करतायत. आणि रात्री बघत जा, पान आणि देठ जुळतात तिथे एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशी पाणी भरून-सोडून पान वर उचलतात आणि सकाळी खाली आणतात, ऑर्बिफोलियात मरांटा या तिच्याच कुळातल्या झाडाइतकं ठळक दिसत नाही पण होतं. ती हालचाल सुरू असेल तर मी झाडाची आशा सोडत नाही.

खत आत्ता काही नको, क्षारांनीच तर हे झालंय. जुलैत नवीन दोन पानं धड उलगडली की १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीतच. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री दहा-अकरा डिग्री होतात तेव्हा खिडकीपासून आत घे, पंधराच्या खाली ती कुढते. जुलै-ऑगस्टमध्ये तुझं झाड बहिणीच्या झाडासारखं दिसेल, कारण तेव्हा पुण्यातही हवा ऐंशीच्या वर असते, पण पुढच्या मार्चला कडा परत थोड्या करपतील हे धरून चाल. दरवर्षी एवढं करायची तयारी नसेल तर पुढच्या वेळी लांबट, नागमोडी पानांची लॅन्सिफोलिया घे, नर्सरीत रॅटलस्नेक म्हणतात तिला, तीही कॅलेथियाच, मांजराला चालते आणि ऑर्बिफोलियापेक्षा बरीच चिवट आहे.

सासूबाईंना सांग तुळस जरूर लावू, बाल्कनीत ऊन असेल तर तिथे तुळशीशिवाय दुसरं काही शोभतही नाही, दोन्हींची जागा वेगळी आहे त्यामुळे भांडणाचं कारणच नाही. तू आधी टीडीएसचे ते तीन आकडे आणि मुळांचा एक फोटो पाठव, पानाच्या मागच्या बाजूचाही, कोळी निघाला तर मला औषधाचं जरा बदलून सांगावं लागेल.